परसातला मानकुराद मोहोरत का नाही? झाड नेमके कुठे अडते ते ओळखून करायचे उपाय

मानकुरादाचे, म्हणजे गोव्याच्या नावाजलेल्या आंब्याचे, झाड हिरवेगार, सावली दाट, पानांना नाव ठेवायला जागा नाही, पण मोहोराचा पत्ता नाही. फेब्रुवारीत शेजारच्या झाडाला गोट्या लटकलेल्या दिसल्या की घरात चर्चा सुरू होते. मग कोणी युरियाची पिशवी आणतो, कोणी रोज संध्याकाळी बुंध्याशी पाण्याची नळी सोडून ठेवतो. झाड त्यावर खुशीत नवी पालवी काढते आणि आणखी एक वर्ष हातचे जाते.

मोहोर येणार की नाही, याचा निकाल जानेवारीत लागलेला असतो. त्याची तयारी मात्र पावसाळ्यात होते. पाऊस लागल्यापासून दसऱ्यापर्यंत झाडाने पालवी कधी काढली आणि ती थंडी पडायच्या आधी पक्व झाली का, यावर पुढचे सगळे उभे आहे. त्यामुळे इथले बहुतेक उपाय जून ते नोव्हेंबर या काळातले आहेत. मोहोर दिसेपर्यंत थांबलात तर त्या वर्षापुरते हातात फारसे काही उरत नाही.

पुढचे सगळे मानकुराद धरून लिहिले आहे. मुसराद, फर्नांदिन, हिलारियो किंवा हापूस असेल तर तारखा थोड्या पुढेमागे होतील, क्रम तोच राहील.

आधी झाड कुठे अडते ते ठरवा

‘आंबा धरत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात. पहिली, मोहोरच येत नाही. दुसरी, मोहोर भरपूर येतो पण काळा पडून झडतो, फळ धरत नाही. तिसरी, वाटाण्याएवढी फळे दिसतात आणि महिनाभरात जमिनीवर पडतात. तिघांची कारणे वेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लावला तर नुकसान होते. मोहोर न येणाऱ्या झाडाला डिसेंबरात पाणी देणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तेच पाणी फळ गळणाऱ्या झाडाला फेब्रुवारीत हवे असते.

त्याहीआधी झाड कलमी आहे का ते बघा. बुंध्यावर जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर गाठ किंवा सालीचा पोत बदललेली जागा दिसते, तो कलमाचा सांधा. कलमाला पहिली तीन-चार वर्षे मोहोर आला तरी खुडून टाकायचा असतो, त्यामुळे तीन वर्षांच्या कलमाबद्दल काळजी करू नका. कोयीपासून उगवलेले झाड असेल तर सात-आठ वर्षे, कधी दहाहून जास्त लागतात, आणि येणारे फळ आईसारखे असेलच असे नाही. अशा झाडाबद्दल शेवटी लिहिले आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर वीस काड्या तपासा

हे काम दहा मिनिटांचे आहे आणि यातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातूनही कळत नाही. झाडाभोवती फिरून चारही बाजूंच्या मिळून वीस फांद्यांचे शेंडे हाताशी ओढून बघा.

पक्व काडीची पाने गडद हिरवी असतात. पान मुठीत चुरगळले तर कुरकुरत तुटते. काडीचा शेंड्याकडचा भाग बोटाने वाकवला तर ताठ लागतो, आणि टोकाचा डोळा टपोरा, घट्ट मिटलेला असतो. कोवळ्या काडीची पाने तांबूस, पोपटी किंवा फिकट हिरवी असतात, लोंबतात, आणि चुरगळली तर ओल्या कागदासारखी नुसती दुमडतात. आंब्याचा मोहोर काडीच्या शेंड्यावर येतो आणि त्यासाठी ती काडी साधारण चार ते सहा महिने वयाची असावी लागते. वीसपैकी पंधरा काड्या पक्व असतील तर झाड तयार आहे, फक्त थंडीची वाट आहे. वीसपैकी पंधरा कोवळ्या असतील तर यंदा त्या काड्यांवर मोहोराची आशा धरू नका आणि झाडाला ढवळूही नका. पुढच्या जूनची तयारी करा.

थंडीबद्दल एक गोष्ट. गोव्यात कडाक्याची थंडी पडत नाही. किनाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा विशीच्या आसपास उतरतो. सत्तरी-सांगेकडे आत डोंगराच्या कुशीत तो आणखी खाली जातो. काडी जितकी जुनी, तितकी कमी थंडी तिला पुरते. म्हणूनच एकाच परसात शेजारी-शेजारी उभ्या दोन झाडांपैकी एक मोहोरते आणि दुसरे नुसते उभे राहते. हवा दोघांना एकच असते, काड्यांचे वय वेगळे असते.

काड्या पक्व आहेत, डोळे फुगलेले आहेत, आणि डिसेंबर उलटत आला तरी झाड गप्प, असे असेल तर पोटॅशियम नायट्रेटची (१३:०:४५) एक फवारणी करून बघायला हरकत नाही. लिटरला १० ग्रॅम, सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, पाने ओली होऊन ठिबकायला लागतील इतकी. फिलिपिन्समध्ये रामोन बार्बा यांनी १९७०च्या दशकात हा उपाय शोधला. पण हे खत झोपलेल्या डोळ्याला फक्त जागे करते. डोळा मोहोराचा असेल तर मोहोर फुटतो, पालवीचा असेल तर पालवी. कोवळ्या काडीवर मारलेत तर पैसे गेले.

पाणी: न्हाणीचे, सोकपिटाचे, बागेच्या नळीचे

गोव्यातल्या घरांत मोहोर न येण्याचे हे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो सप्टेंबरअखेर ओसरला की जांभ्याच्या जमिनीतले वरचे पाणी लवकर निचरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडाला हा ताण बसणे गरजेचे आहे. ताण बसला की नवी पालवी थांबते, काड्या पक्व होतात, साठा डोळ्यांत जातो.

परसातल्या झाडाला हा ताण मिळतच नाही. न्हाणीचे पाणी आळ्यात सोडलेले असते, धुण्याच्या दगडाखालचा पाट बुंध्याशी जातो, सोकपिट (सांडपाणी मुरवायचा खड्डा) सहा-सात फुटांवर असते. त्यातच लॉन केले असेल तर स्प्रिंकलर रोज चालू. सोकपिटाजवळच्या झाडाला पाणी आणि नत्र (नायट्रोजन) दोन्ही बारा महिने मिळतात. ते कधीच थांबत नाही, दर दोन-तीन महिन्यांनी पालवी काढत राहते. अशा झाडाची पाने नेहमीपेक्षा मोठी, पेरे लांब आणि एकाच फांदीवर तीन वयांची पाने दिसतात. हे दिसले की दुसरे कारण शोधू नका.

उपाय सोपा, थोडा खोदकामाचा. न्हाणीचे पाणी पीव्हीसी पाइप टाकून केळी, माड किंवा अळूच्या वाफ्याकडे वळवा. त्यांना ते हवेच असते. सप्टेंबरअखेर आंब्याचे आळे मोडून जमीन सपाट करा. ऑक्टोबरपासून फळे वाटाण्याएवढी होईपर्यंत त्या झाडाला पाण्याचा थेंब देऊ नका. सोकपिट हलवता येत नसेल तर झाड आणि खड्डा यांच्यामध्ये तीन फूट खोल चर मारून त्या बाजूची मुळे तोडतात आणि चरात जाड प्लास्टिक उभे घालून माती भरतात. हे काम ऑक्टोबरात, एकाच बाजूला. चारही बाजूंना केलेत तर वाऱ्यात झाड आडवे होईल.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो आणि नवी पालवी येते. त्याला कोणाचाच इलाज नाही. ती पालवी मोडून काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मोडलेल्या जागी दोन फुटतात.

खत किती आणि केव्हा

कोकणातली शिफारस अशी: दहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या कलमाला वर्षाला ५० किलो चांगले कुजलेले शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश. लहान झाडाला वयाच्या हिशेबाने, म्हणजे पहिल्या वर्षी दहावा हिस्सा, पाचव्या वर्षी निम्मे. पाने गच्च आणि मोहोर नाही अशा झाडाला युरिया निम्मा करा, सोकपिटाजवळच्या झाडाला अजिबात नको. पालाश (पोटॅश) मात्र पूर्ण द्या.

बुंध्याशी खत ओतून काही होत नाही, तिथे खाणारी मुळे नसतात. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या थोडे आत, झाडाभोवती दीड फूट रुंद, अर्धा फूट खोल चर काढा, खत पसरा, माती ओढा. वेळ जूनचा पहिला-दुसरा आठवडा, पाऊस लागून जमीन भिजल्यावर. फार तर सांजावपर्यंत (२४ जून) हे आटपा. जुलैच्या मुसळधार पावसात टाकलेला युरिया सरळ व्हाळात जातो. चवथीनंतर (गणेशचतुर्थी) नत्र कुठल्याही रूपात नको, ‘थोडेसे शेणखत’ही नको. सप्टेंबरात दिलेले नत्र म्हणजे ऑक्टोबरात पालवी.

आपली जांभी माती आम्लधर्मी आहे, स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते. माती तपासून घ्यायची असेल तर जुने गोवे किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, पावसाआधी मे महिन्यात.

ऊन, भराव आणि बांडगूळ

शेंड्याला दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मिळाले पाहिजे. घराच्या बाजूच्या फांद्यांना मोहोर नाही आणि रस्त्याकडच्या फांद्यांना आहे, असे दिसले तर कारण उघड आहे. फणसाखाली लावलेल्या कलमाला जगात कुठलेही औषध मोहोर आणणार नाही. फणस तोडा किंवा आंब्याची आशा सोडा, तिसरा मार्ग नाही.

स्वतःच्याच गर्दीत गुदमरलेल्या झाडाचे मधले आकाश उघडावे लागते. फळे उतरली की लगेच, मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, मधोमध सरळ वर गेलेली एक फांदी (फार तर दोन) मुळापासून काढा. सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. बुंध्याला टेकून खाली जमिनीवर बघा: दुपारी बाराला सावलीत उन्हाचे कवडसे पडायला हवेत. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा, लोखंडी बादली वापरू नका. ऑगस्टनंतर केलेली छाटणी म्हणजे यंदाच्या मोहोरावर पाणी. माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीला) टाळे हवेत म्हणून चवथीला सरसकट शेंडे तोडले जातात, तेही याच हिशेबात येतात. त्यासाठी खालच्या, सावलीतल्या फांद्या वापरा.

नवे घर बांधताना कंपाउंड उंच करायला दोन फूट चिऱ्यांचा भुगा आणि माती टाकतात, वर पेव्हर बसवतात. त्यात आंब्याचा बुंधा गाडला जातो. अशा झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना रुंद न होता खांबासारखा सरळ दिसतो. साल खाली ओली राहून कुजते, मुळांना हवा मिळत नाही, शेंडे हळूहळू सुकतात. बुंध्याभोवती तीन फुटांपर्यंतचा भराव जुन्या पातळीपर्यंत उकरून काढा आणि चिऱ्यांचे कडे रचा. फांद्यांच्या घेराखालचे जितके पेव्हर उचलता येतील तितके उचला.

बांडगूळ वर बघितल्याशिवाय दिसत नाही. पाने जाडसर, आंब्याच्या पानांहून वेगळी, आणि झाडाला मोहोर नसताना तिथे नळीसारखी नारिंगी फुले. नुसते बांडगूळ ओरबाडून उपयोग नाही, फांदीत शिरलेला भाग परत फुटतो. जिथे ते चिकटले आहे त्याच्या फूटभर मागे फांदीच कापा. ती फुले-फळे पक्ष्यांना आवडतात आणि चिकट बी तेच पुढच्या फांदीवर पुसतात, म्हणून फळे धरायच्या आत काढलेले बरे.

एक वर्ष येतो, एक वर्ष दगा देतो

मानकुराद वर्षाआड फळणारा आहे, हे मान्य करूनच पुढे जावे. भरघोस वर्षात फळ धरलेल्या काडीकडे नवी पालवी काढायला ताकद उरत नाही. फळे उतरल्यावर ती काडी सावरते, कधी ऑगस्टात, कधी ऑक्टोबरात पालवते, आणि डिसेंबरला ती पालवी कोवळीच असते. पुढच्या वर्षी मोहोर नाही.

इथे उशिरा उतरवलेली फळे भर घालतात. मानकुराद हे नाव पोर्तुगीजमधल्या ‘मालकोराद’वरून, म्हणजे रंगाने फिका, आले. झाडावर रंग चढायची वाट बघत फळ मेअखेरपर्यंत ठेवले की झाडाचे तीन आठवडे वाया जातात. वर पाऊस पडला तर सालीवर काळे ठिपके येतात, फळमाशी लागते ती वेगळीच. रंग बघू नका. देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर आले की एक फळ काढून बादलीभर पाण्यात टाका. बुडाले तर त्या बाजूची फळे तयार. देठासकट काढा आणि अढीत पिकवा.

फळे उतरल्यावर आठ दिवसांच्या आत मोहोराच्या जुन्या, वाळलेल्या काड्या कात्रीने छाटा, म्हणजे त्यांच्यामागचे डोळे लवकर फुटतात. खताचा चर मात्र वर सांगितल्याप्रमाणे पाऊस लागून जमीन भिजल्यावर. भरघोस वर्षानंतर पालाश-स्फुरदात हात आखडू नका. एवढे केल्याने वर्षाआडचा फेरा पूर्ण तुटत नाही, पण दगा देणाऱ्या वर्षीही अर्ध्या झाडावर मोहोर दिसायला लागतो.

कल्टार वापरावे का?

बागायतदार वापरतात ते पॅक्लोब्युट्राझॉल, बाजारात कल्टार या नावाने प्रसिद्ध. ते पालवीची वाढ रोखते आणि मोहोर लवकर, नियमित आणते. मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर: दर मीटरला ३ मिली. विस्तार ६ मीटर असेल तर १८ मिली, ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळायचे. बुंधा आणि फांद्यांचा घेर यांच्या मध्यावर पहारीने चार ते सहा इंच खोल २५-३० भोके पाडून सगळ्यांत सारखे ओतायचे आणि भोके बुजवायची. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पाऊस उघडलेल्या दिवशी, आधी घेरातले गवत काढून.

परसासाठी हा शेवटचा उपाय समजा. औषध मातीत बराच काळ टिकते. झाडाखाली तांबडी भाजी, मुळा किंवा मिरच्यांचा वाफा असेल, विहीर जवळ असेल तर वापरू नका. दहा वर्षांखालच्या, अशक्त, फांद्या मरत असलेल्या झाडाला देऊ नका. दिल्यावर खत पूर्ण द्यावेच लागते, नाहीतर दोन-तीन वर्षे भरभरून फळून झाड बसते. आणि पाण्याची बाजू न सुधारता सोकपिटाशेजारच्या झाडाला कल्टार घालणे म्हणजे एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर.

मोहोर येतो, पण काळा पडून झडतो

सकाळी झाडाखाली उभे राहून एक फांदी हलवा. पाचरीच्या आकाराचे, राखाडी-तपकिरी बारके किडे टिकटिक आवाज करत उडून तोंडावर आपटले तर ते तुडतुडे. मोहोराचा रस शोषतात, त्यांची गोड चिकट विष्ठा खालच्या पानांवर पडते आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. झाडाखाली लावलेली गाडी चिकट झाली तर समजून घ्या.

मोहोराच्या दांड्यावर पिठासारखी पांढरी भुकटी असेल तर भुरी. थंड रात्र आणि सकाळचे दंव तिला मानवते. दांड्यावर आणि फुलांवर काळे ठिपके, विशेषतः ढगाळ हवेनंतर, तो करपा.

तुडतुडे वर्षभर सालीच्या भेगांत आणि गर्द सावलीत राहतात, म्हणून आकाश उघडलेल्या झाडावर ते बरेच कमी त्रास देतात. फवारणी तीनदा पुरते. पहिली, डोळे फुगून पोपटी होत असताना: १०,००० पीपीएमचे निंबोळी तेल लिटरला ३ मिली, थोडा साबण घालून, बुंधा आणि जाड फांद्यांसकट. दुसरी, मोहोर बोटभर झाल्यावर, फुले उमलायच्या आत: तुडतुडे खरोखरच खूप असतील तर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के लिटरला ०.३ मिली, आणि भुरीसाठी पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. गंधक भर उन्हात मारू नका, मोहोर करपतो. तिसरी, फळे वाटाण्याएवढी झाल्यावर, गरज असेल तरच.

फुले उमललेली असताना काहीही फवारू नका. आंब्याचे परागीकरण माश्या, मधमाश्या आणि बारीक किडे करतात, ते मेले की नुसता मोहोर उरतो. मासळीचे धुण झाडाखाली टाकायची जुनी सवय माश्या बोलावते, त्या दिवसांत ती चालू द्या. हुमल्यांची, म्हणजे पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची, घरटीही जाळू नका. त्या तुडतुडे आणि फळमाशीला त्रास देतात. चावतात ते खरे.

चाळीस फुटी झाडावर घरच्या पंपाने औषध पोचत नाही, खालच्या फांद्यांवर दुप्पट पडते एवढेच. भाड्याने पॉवर स्प्रेअर आणा किंवा फवारणीच सोडा. त्या दिवशी विहिरीवर ताडपत्री, वाळत घातलेले कपडे आत.

मोहोर स्वच्छ आहे, कीड नाही, तरी फळ नाही? भिंगाने फूल बघा. मधोमध हिरवट-पिवळा गोल दाणा असेल तर ते फूल द्विलिंगी, फळ देऊ शकणारे. दाणा नसेल तर नुसते नर. एका मोहोरात हजारांनी फुले असतात आणि त्यांतली बहुतेक नर असतात, म्हणून एका तुऱ्याला एक-दोन आंबे टिकले तरी ते चांगले पीक आहे. फार थंडीत आलेल्या पहिल्या मोहोरात नर फुले जास्त, नंतरच्यात कमी. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड असले तर परागाला मदत होते.

वाटाण्याएवढी होऊन गळतात

पहिली मोठी गळ निसर्गाची असते, झाड पेलेल तेवढेच ठेवते. गोटीएवढी झाल्यावरही सडा पडत राहिला तर पाणी. आता द्यायचे: फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर, म्हणजे मोठ्या दहा बादल्या, तीन ते चार वेळा. बुंध्याशी नव्हे, खताच्या चराच्या जागी. वर सुका पालापाचोळा चार बोटे जाड पसरा, जाळू नका. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद, नाहीतर चव पाणचट होते. मधल्या काळात १३:०:४५ लिटरला १० ग्रॅम, वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढे फळ असताना एकेकदा.

बुंध्याला खाचा, मुळांना मीठ

कोयत्याने बुंध्याला खाचा मारल्या की पुढच्या वर्षी झाड मोहोरले, असे सांगणारे भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत. सालीतून खाली मुळांकडे जाणारा अन्नरस अडतो, वर साठा वाढतो. पण त्याच जखमेतून डिंक वाहतो आणि खोडकिडा आत शिरतो. बुंध्याला भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर तारेने अळी ओढून काढा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस आत सारून वर शेण-माती लिंपा. मुळांना मीठ घालणे हा झाड मारायचा संथ मार्ग आहे. झाडाखाली धूर केल्याने तुडतुडे तासाभरापुरते हटतात.

कोयीचे झाड असेल तर

झाड कोयीचे, दहा वर्षे उलटली, ऊन आणि ताण दोन्ही व्यवस्थित, आणि तरी दोन हंगाम काही नाही, तर त्याच झाडावर मानकुराद बांधता येतो. फळ येते पण सासवाला (आंब्याच्या गोड-तिखट रस्स्याला) घालायच्या घोटांएवढेच (छोट्या रायवळ आंब्यांएवढेच), तेव्हाही हाच विचार करतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, मुख्य फांद्या तीन-चार फूट ठेवून कापतात, कापांना बोर्डो पेस्ट लावतात. येणाऱ्या धुमाऱ्यांतले प्रत्येक फांदीवर बाहेरच्या बाजूचे तीन-चार ठेवून बाकीचे खुडतात, आणि ते पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यांवर खात्रीच्या, नियमित फळणाऱ्या मानकुरादाच्या काडीचे मृदकाष्ठ कलम बांधतात. कलम बांधणारा माणूस सरावाचा हवा. काडी कुठल्या झाडाची, हे त्याला विचारून ते झाड एकदा फळावर असताना बघून या. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहोर दिसायला लागतो. तोवर सांध्याखालून फुटणारा प्रत्येक कोंब दर महिन्याला खुडत राहायचा. एक जरी सुटला तरी जुने झाड त्यातूनच वर येते आणि बांधलेली काडी मागे पडते.